पपनसाचे दिवस

खोडदच्या शिवारात दुपारी दोनच्या सुमाराला वारा पडतो. कांद्याची पात हलत नाही, विहिरीवरची मोटर लाइट गेल्यामुळे गप्प असते, आणि लांबवर उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या तेवढ्या, कुणी हाक मारल्यासारख्या, सगळ्या मिळून हळूच एका बाजूला वळतात. शीला लग्न होऊन या गावात आली तेव्हा त्या नव्हत्या. तिच्या डोळ्यांदेखत पाया खणला गेला, लोखंड उभं राहिलं. तिला त्यांचं ते वळणं बघायला आवडायचं. प्रत्यक्ष वळताना फारसं काही दिसायचं नाही. मघाशी त्या दुसरीकडं बघत होत्या, एवढंच नंतर लक्षात यायचं.

अशाच एका दुपारी, २००६ची दिवाळी उलटून गेल्यावर, बांधावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, गोरखनं, तिला विचारलं, "हे वावर कुणाचं गं?"

"कुणाचं म्हंजी? आपलंच की."

"कांदा चांगला आलाय त्यांचा," गोरख म्हणाला आणि पुन्हा पेंगायला लागला.

शीलाला आधी हसू आलं. मग तिनं त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते पिवळे होते, हे तर महिनाभर घरात सगळ्यांना माहीत होतं. पण आता ते तिच्यावरून फिरले आणि कुठंच थांबले नाहीत. खुरपं तिथंच टाकून ती त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्याला पुण्याला नेलं.

डॉक्टर मॅडमनी सांगितलं, लिव्हर पार आवळून गेलंय. जे विष लिव्हरनं गाळायचं ते रक्तातून डोक्यात जातंय, म्हणून हा दिवसा झोपतो आणि त्याला वावर ओळखू येत नाही. कारण हिपॅटायटिस सी नावाचा विषाणू. गोरख दारूच्या वाटेला कधी गेला नव्हता. चौकशी करता करता गोष्ट चौदा वर्षं मागं गेली. लग्नाच्या आदल्या वर्षी, १९९२ साली, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, गाडे पळवायच्या चढावर, गोरख चाकाखाली आला होता. मांडीचं हाड मोडलं, रक्त लई गेलं, आणि त्याला तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. तेव्हा रक्तात हा विषाणू शोधायची सोय सगळीकडं नव्हती. ज्यानं रक्त दिलं त्यालाही माहीत नसणार. पुढची चौदा वर्षं गोरख नांगरत होता, हसत होता, पोरीला खांद्यावर घेऊन जत्रेला जात होता, आणि आत तो विषाणू आपलं काम करत होता.

"दुसरं लिव्हर बसवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "घरातलं कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा देऊ शकतं. देणाऱ्याचं काही महिन्यांत परत वाढतं."

शीलाचा रक्तगट जुळला. घरात ती एकटीच तशी होती, वय चौतीस, अंगानं काटक. परवानगी देणाऱ्या समितीपुढं तिला एकटीला बसवून विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणी जबरदस्ती तर केली नाही ना?"

"माझ्यावर न्हाई," शीला म्हणाली. "त्यांच्यावर करावी लागली. त्ये घ्यायला तयार नव्हते."

समितीतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ चष्मा काढून हसले.

हायवेच्या कडेचं अर्धा एकर रान विकलं आणि २००७च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं.

भुलीतून बाहेर येताना शीलाला पडलेलं स्वप्न ती पुढं कितीतरी दिवस जपून होती. स्वप्नात ती कांद्याची लागण करत होती. वाफ्यातून रोप उपटायचं, ओल्या सरीत बोटानं खोचायचं. रोपं मात्र कोमट होती आणि हातात धरली की हळू धडधडत होती. ती एक एक लावत पुढं चालली होती, आणि वाफा संपतच नव्हता. समोर तबकड्या वाकून बघत होत्या. कुणीतरी म्हणत होतं, सावकाश, सावकाश, मूळ वाकडं जाऊ देऊ नको.

जागी झाल्यावर तिनं पहिलं विचारलं, "धरलं का?"

नर्सला कळलं नाही. कांदा लावणारी बाई मात्र दुसरं काय विचारणार? लावलेलं रोप पहिले आठ दिवस माना टाकतं, मेल्यासारखं दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला हलकं पाणी द्यावं लागतं, आंबवणीचं. मग एखाद्या सकाळी पात सरळ उभी दिसते. लावणारा तेव्हा म्हणतो, धरलं. मॅडमनी पुढं जे जे सांगितलं ते सगळं शीलानं याच हिशेबानं समजून घेतलं. गोरखचं अंग या तुकड्याला परकं मानणार, त्याला उपटून टाकायला बघणार. म्हणून अंगाचं बळ थोडं दाबून ठेवायचं. त्यासाठी गोळी, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, आयुष्यभर. रक्तात तिचं प्रमाण किती आहे ते तपासत राहायचं. त्याला सगळे 'लेव्हल' म्हणायचे. लेव्हल कमी झाली तर अंग लिव्हरवर धावून जाईल. जास्त झाली तर हात कापतील, किडन्या बिघडतील. आणि तो जुना विषाणू रक्तात आहेच, तो नव्या लिव्हरमध्येही शिरणार. फक्त त्याला उशीर करायचा.

"मंजी आंबवणी संपायचीच न्हाई," शीला म्हणाली.

घरी आल्यावर पहिले तीन महिने बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. आणि आजारी माणसाला भेटायला जीप भरून जायची आपली रीत. चौथ्याच दिवशी पिंपळवंडीहून गोरखचे मामा भिमाजी चौदा माणसं, दोन डझन केळी आणि एक नारळ घेऊन दारात उतरले. शीला तोंडाला फडकं बांधून उंबऱ्यात उभी राहिली.

"मामा, तिथंच बसा. ओट्यावर सतरंजी टाकते."

"अगं, भाचा हाय माझा!"

"म्हनूनच."

"बिबट्या आला तरी एवढं दार लावीत न्हाई कुनी," मामा म्हणाले. जीपमधल्या बायांनी पदर तोंडाला लावले, हसायला की रागानं ते कळलं नाही. मग मामा खिडकीशी गेले आणि गजांतून आत बघून ओरडले, "गोरख्या, बायकोनं कोंडला रं तुला! काय खुणावायचं आसंल तर खुणाव!"

आतून गोरखचं हसू आलं, बारीक, टाके सांभाळत हसलेलं. शीलाला वाटलं, तुकडा हसतोय आपला.

तिनं एक गोष्ट मनाशी धरली होती. गोळी चुकवायची नाही, आणि जे होईल ते लिहायचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बाया गॅस आला, म्हैस फळली असं लिहितात, त्याच चौकोनांत तिचं बारीक अक्षर सुरू झालं. सातची टिक. संध्याकाळच्या सातची टिक. ताप नाही. भाकरी दीड. आज अंगणात चालले. आज बोलले नाहीत.

कारण गोरख जेवत नव्हता. औषधांनी तोंडाची चव गेली होती. मटकीची उसळ त्याला मातीसारखी लागायची, दूध लोखंडासारखं. वैशाख गेला, आषाढ गेला, तो वाळतच चालला. सासूबाई, चिमाबाई, ताटाशी बसून म्हणायच्या, "बायकोनं पोटातलं दिलं तुला, तू पोटात घालायला कुरकुर करतो व्हय?" गोरख खाली मान घालून एक घास घ्यायचा. तो चावताना शीला भिंतीकडं बघायची.

मागच्या अंगणात पपनसाचं झाड होतं, सासऱ्यांनी लावलेलं. श्रावणात फळं पोरीच्या डोक्याएवढी झाली, पण गौरीपुढं ठेवल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, अशी घरची पद्धत. गौरी जेवल्या, त्या संध्याकाळी चिमाबाईंनी पहिलं पपनस फोडलं. जाड पांढरी साल, आत गुलाबी फोडी. शीलानं एका फोडीची पातळ साल सोलली, तिच्यावर मीठ आणि चिमूटभर तिखट टाकलं, आणि गोरखच्या हातात दिली.

त्यानं ती खाल्ली. बोटांवरचं मीठ चाटलं.

"लागली," तो म्हणाला.

"काय?"

"चव. चव लागली गं."

त्यानं आणखी मागितलं. शीला सोलत गेली, तो खात गेला, आणि पिवळ्या उजेडात तिला वाटलं की हे आपल्याला आधी कधीतरी स्वप्नात दिसलेलं आहे. त्या दिवसाच्या चौकोनात तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं: पपनस. अर्धं खाल्लं. हसले.

मग दोन महिने पपनसाचेच होते. रोज दुपारी तबकड्या वळायच्या वेळेला ती ओसरीवर बसून फळ सोलायची. हातांना कडवट गोड वास राहायचा. त्याबरोबर गोरख भाकरीही खायला लागला, गालांवर थोडं मांस आलं. उतरवलेली फळं चिमाबाईंनी माळ्यावर भाताच्या पेंढ्यात मांडून ठेवली. देवाचा प्रसाद, पोराला लागू पडला म्हणून त्यातलं एकही त्यांनी भावकीत वाटलं नाही, आणि जाऊबाईंचे टोमणे ऐकून घेतले.

याच दिवसांत गोरखचा हात कापायला लागला. बशीतला चहा सांडायचा. डोकं दुखायचं. पुण्याला तपासलं तर लेव्हल एकोणीस, आठच्या आसपास हवी तिथं. मॅडमनी गोळी कमी केली. पुन्हा तपासलं, सतरा. आणखी कमी केली.

"बाहेरचं औषध? झाडपाला, काढा, काविळीची माळ?"

"कायबी न्हाई," शीलानं गळ्याला हात लावून सांगितलं, आणि ते खरंच होतं.

दिवाळीनंतर माळ्यावरची शेवटची फळं संपली. हात कापायचा थांबला, शीलानं देवापुढं साखर ठेवली. पण मार्गशीर्षात गोरखच्या अंगाला खाज सुटली. एका दुपारी तो बांधावर बसलेला होता. उन्हात त्याचे डोळे शीलाला दिसले. कडांना तोच रंग.

आता लेव्हल अडीच आली. लिव्हरचे आकडे चढले होते. सुई घालून लिव्हरचा तुकडा काढला, तपासला, आणि त्याचा रिपोर्टही धड बोलेना. मॅडमनी शीलाला समोर बसवलं.

"दोन शक्यता आहेत. अंग लिव्हरला विरोध करतंय, किंवा जुना विषाणू नव्या लिव्हरवर चढलाय. विरोध असेल तर स्टेरॉइडचा मोठा डोस द्यावा लागतो. पण तो दिला आणि आत विषाणू जोरात असला, तर विषाणूला मोकळं रान मिळेल. मग हे लिव्हरही जाईल." त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "तुमच्याकडं दुसरा तुकडा नाही, शीलाताई. म्हणून खरं सांगा. गोळ्या चुकल्यात का?"

शीलाच्या कानशिलांत आग झाली.  दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती खोडदला गेली, भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यासकट उपटली, गुंडाळी करून पिशवीत घातली आणि दुपारपर्यंत पुन्हा मॅडमच्या टेबलापाशी आली.

"बघा. एक टिक कमी दिसली तर मला सांगा."

मॅडमनी पानं उलटली. मार्च, एप्रिल, मे. टिकाच टिका, आणि त्यांच्यामध्ये मुंगीसारखं अक्षर. सप्टेंबरच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मग ऑक्टोबर. मग त्यांनी गोरखची फाइल ओढून शेजारी ठेवली आणि एक बोट इकडं, एक बोट तिकडं, असं बराच वेळ चाललं.

"हे पपनस रोज खात होते?"

"रोज. त्येनंच तर जेवायला लागले."

"कधी बंद झालं?"

"संपली तवा. दिवाळी झाल्यावर आठ-दहा दिसांनी."

मॅडमनी खुर्चीला पाठ टेकली. त्यांनी समजावलं ते असं: या गोळीतलं बरंचसं औषध आतड्यातच मोडून जातं, थोडंच रक्तात पोचतं. पपनसात असं काही असतं की ते मोडणंच थांबतं. म्हणून फळ होतं तोवर तीच गोळी दुप्पट होऊन रक्तात उतरत होती. "आम्ही गोळी कमी केली ती त्या फळानं चढवलेला आकडा बघून. फळ संपलं, आणि गोळी कमीच राहिली. खाण्याचं आम्हीही नीट विचारायला हवं होतं."

शीलानं आपल्या हातांकडं पाहिलं. दोन महिने या बोटांनी फोड सोलली होती. तो वास आत्ताही येतोय असं तिला वाटलं.

"म्हंजी मीच."

"तुम्ही लिहिलं नसतं तर मी आज स्टेरॉइड सुरू केलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आता आधी गोळी पूर्ववत करू. आकडे उतरले तर औषध कमी पडत होतं, एवढंच. दहा दिवस थांबू."

ते दहा दिवस शीलाला नंतर नीट आठवेनात. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा आणि ती वाफ्यात असायची. एक रोप मान टाकून पडलेलं, ती त्याच्याशी वाकलेली, ओंजळीत पाणी, आणि ओंजळ काही केल्या उघडायची नाही. गोरख आत पलंगावरून विचारायचा, "आईला सांगितलं का पपनसाचं?"

"न्हाई."

"नको सांगू. झाड तोडंल ती."

"तोडू दे."

"आगं, मला त्याची चव लागली व्हती," गोरख म्हणाला. "त्या टायमाला वाटलं, जगंल मी."

 शीलानं त्याच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

पाचव्या दिवशी आकडे जागच्या जागी थांबले. आठव्या दिवशी उतरले. दहाव्या दिवशी मॅडम दारातूनच म्हणाल्या, "धरलं, शीलाताई." हा शब्द त्यांना कुणी सांगितला होता कोण जाणे.

विषाणू मात्र होताच, आणि वाढत होता. २००८च्या उन्हाळ्यात त्याच्यावर इंजेक्शनं सुरू झाली, आठवड्याला एक, अठ्ठेचाळीस आठवडे, सोबत गोळ्या. औषध थंडीत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. आणि गावात दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसायची. शेवटी गावच्या दूध डेअरीत सोय झाली, तिथल्या फ्रिजला जनरेटर होता. डेअरीवरचे गेणभाऊ चार बोटं उंच असा तो डबा देवाच्या मूर्तीसारखा दोन्ही हातांनी काढून द्यायचे.

"वहिनी, समद्या गावच्या दुधापेक्षा म्हाग हाय म्हनं हे. एकदा फॅट लावून बघू का?"

"लावा. कमी भरली तर पुण्याला परत धाडा."

दर गुरुवारी ती गोरखच्या पोटाची चिमट धरून सुई टोचायची. शुक्रवारी त्याला हुडहुडी भरून ताप यायचा, शनिवारी तो भिंतीकडं तोंड करून पडायचा, रविवारी उठून बसायचा. केस गळाले, रक्त कमी झालं, कधी उगाच रडू यायचं. अशा एका शनिवारी तापाच्या गुंगीत त्यानं विचारलं, "त्या तबकड्या काय ऐकत आसत्याल गं?"

"ताऱ्यांचं कायतरी आसतं म्हनं. लई लांबचं."

"लांबचं ऐकाया गप बसावं लागतं," तो म्हणाला आणि झोपला. शीला त्याच्या उशाशी बसून राहिली. त्याचा श्वास आत गेला की तिच्या बरगडीखाली, जिथं नवं मांस भरून आलं होतं, तिथं काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दिनदर्शिकेतही लिहिलं नव्हतं.

इंजेक्शनं संपली. मग सहा महिने थांबायचं होतं, औषधाशिवाय. विषाणू दबलाय की गेलाय, ते तेव्हाच कळणार होतं.

२००९च्या डिसेंबरात दोघं रिपोर्ट घ्यायला पुण्याला गेली. मॅडमनी कागद दोनदा वाचला, मग शीलाकडं सरकवला. इंग्रजी ओळीखाली त्यांनी पेनानं मराठीत लिहिलं होतं: विषाणू आढळला नाही. "लेव्हल दर तीन महिन्यांनी. गोळी चालूच. पण हा गेला."

परतीच्या एसटीत खिडकीशी शीला बसली. हिवाळ्याचा लवकर मावळणारा दिवस, चाकणच्या पुढं ऊस आणि धुकं एकच दिसत होतं. काचेला कपाळ टेकलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला प्रवासात झोप लागली. वाफा होता, पण लावायला रोपं उरली नव्हती. सगळी पात उभी होती. ती हात पुसत बांधावर बसली आणि कुणी काही विचारलं नाही.

मंचरला कांद्याच्या ट्रकांनी रस्ता अडला तेव्हा गाडी गचका देऊन थांबली. शीला दचकून जागी झाली. बाहेर अंधार, दुकानांचे दिवे. तिनं गोरखचं मनगट ओढून घड्याळ पाहिलं. साडेसात.

"गोळी!"

"घेतली."

"कंदी?"

"सातला. पेठच्या घाटात. तू घोरत व्हतीस."

"मी घोरत न्हाई." तिनं पिशवीत हात घातला, पाकीट काढलं, दिव्याच्या उजेडात धरलं. एक खळगा रिकामा होता. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं, पाकीट पुन्हा पिशवीत ठेवलं, आणि थोडा विचार करून पिशवीच त्याच्या मांडीवर सरकवली.

"नारायणगाव आलं की उठव," ती म्हणाली आणि डोळे मिटले.